उन्हाची फळी

इसवी सन १९८७, फेब्रुवारीची सोळा तारीख, वार सोमवार, वेळ सकाळी साडेदहा. स्थळ, येरळाकाठ सहकारी सूतगिरणीच्या मुख्य कार्यालयातील सभागृह. चालक मायाप्पा बिरू गडदे यांच्याविरुद्धच्या खातेनिहाय चौकशीची तिसरी व अखेरची बैठक त्या वेळी आणि त्या ठिकाणी सुरू झाली. इतिवृत्तात असे लिहिलेले आहे आणि ते बिनचूक आहे, कारण त्याचा मसुदा मीच तपासून दिला होता. बैठकीपूर्वी मी टेबलावर कोणकोणत्या वस्तू मांडल्या होत्या, याचा उल्लेख मात्र त्यात नाही.

पहारेकऱ्याची खाकी टोपी मी मागून आणली होती, कपाळावर पुढे येणाऱ्या तिच्या काळ्या कडक पट्टीसकट. तिच्या शेजारी यंत्रशाळेतल्या वेल्डरचा काळ्या काचेचा मुखवटा ठेवला होता, आणि त्यापलीकडे भांडारप्रमुखांच्या नव्या स्कूटरबरोबर आलेले हेल्मेट, ज्याची पारदर्शक काच बोटाने वरखाली होत असे. या तिन्हींच्या मागे दोन जाडजूड शब्दकोश उभे होते.

कार्मिक अधिकारी रणदिवे आत आले, टेबलाकडे पाहून थबकले आणि म्हणाले, "काय हो पंडित, बोहारीण येऊन गेली वाटतं?"

गिरणीत मला पंडित म्हणत. माझे नाव नेमिनाथ उपाध्ये. हजेरी कार्यालयात मी कारकून होतो. परंतु जुने गद्य वाचण्याचे आणि नव्या परिपत्रकांतील चुका काढण्याचे मला व्यसन होते, आणि त्याच जोरावर कामगार संघटनेने मला मायाप्पांचा बचाव प्रतिनिधी नेमले होते. त्या वेळी माझे वय चौतीस होते. वादात आपण हरू शकतो, ही कल्पना मला तोवर शिवली नव्हती.

"साहेब, आपण आरोपपत्रात एक शब्द लिहिला आहे," मी म्हणालो. "त्याचे अर्थ घेऊन आलो आहे. आपल्याकडे ते शिल्लक नसावेत, अशी शंका आली."

"शब्द नाही हो, माणसाचा पाय गेलाय," रणदिवे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

चौकशी अधिकारी म्हणून गिरणीने बाहेरून बोलावलेले वयोवृद्ध वकील नूरमहंमद शिकलगार हे सर्व शांतपणे पाहत होते. चौकशीबाहेर त्यांचे हसणे थांबत नसे, असे ऐकले होते. चौकशीत ते कधी सुरू झालेले मी पाहिले नाही. त्यांनी चष्मा पुसला, टोपी उचलून पाहिली, पुन्हा होती तशी ठेवली, आणि म्हणाले, "जखमी इसम आले नाहीत?"

"दहाच्या गाडीने निघालेत," शिपाई म्हणाला.

ते ऐकताच माझ्या शेजारी बसलेल्या मायाप्पांनी दरवाजाकडे तोंड फिरवले. त्यानंतर कितीतरी वेळ त्यांनी ते वळवले नाही.

घडले होते ते असे. नऊ जानेवारीस, शुक्रवारी, सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास गिरणीची तीन नंबरची बस दिवसपाळीच्या कामगारांना घेऊन पश्चिमेकडे चालली होती. बाभळीच्या वळणावर चढ संपतो आणि रस्ता एकदम मावळतीला तोंड करतो. तिथे समोरून सायकलवर दुधाच्या किटल्या लावून येणारे हैबतराव निकम बसच्या पुढच्या चाकाखाली सापडले आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मायाप्पांनी तिथल्या तिथेच सांगितले होते, "उन्हामुळं दिसलं न्हाई." गिरणीने दोन आरोप ठेवले: अतिवेग, आणि उन्हापासून बचावासाठी दिलेल्या व्हायझरचा वापर न करणे. दुसऱ्या बैठकीत वेगाचा आरोप कोसळला होता. बसमधल्या तीन कामगारांनी, बस चढावर बैलगाडीसारखी चालली होती, अशी साक्ष दिली होती. उरला होता तो व्हायझर. तो सिद्ध झाला की बडतर्फी ठरलेली. एकवीस वर्षांची नोकरी जाणार, निवृत्तीचे हक्क जाणार आणि गिरणीच्या चाळीतली ती खोलीही जाणार, जिच्यात मायाप्पांची बायको दोन वर्षे संधिवाताने जमिनीला खिळली होती. पोलिसांचा खटला वेगळा चालू होता, आणि इथे निघालेला प्रत्येक शब्द तिथे पोहोचणार होता.

मी आरंभी एक साधा तर्क केला होता: फळी बिघडलेली असणार. चालक व्हायझरला फळीच म्हणत. समोरच्या काचेच्या वर, चालकाच्या डोक्याशी, दोन खिळ्यांवर फिरणारी ती रेक्झिन चढवलेली फळी एरवी वर उलटवून ठेवतात आणि ऊन आले की खाली पाडतात. तिचे सांधे गंजले असतील, चालकाने तक्रार केली असेल, वाहनविभागाने दुर्लक्ष केले असेल, असा माझा अंदाज होता. म्हणून शनिवारी दुपारी मी मायाप्पांना घेऊन वाहनतळावर गेलो, तीन नंबरच्या बसमध्ये चढलो, चालकाच्या जागेवर बसलो आणि हात वर केला.

फळीच्या चालकाकडील बाजूवर बिरोबाचे चित्र डकवलेले होते. त्याभोवती भंडाऱ्याचे पिवळे थर बसले होते आणि वरच्या कडेला झेंडूचे वाळलेले फूल खोचलेले होते. मी दोन बोटांनी फळी ओढली. ती लोण्यातून सुरी यावी तशी खाली आली. देव उलटा झाला. त्याचे डोके खाली गेले, मुख काचेपलीकडे रस्त्याकडे वळले, आणि माझ्यासमोर आली ती फळीची मागची बाजू. तिच्यावर कारखान्यातून येताना लावलेला पातळ निळा प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. बस सहा वर्षे जुनी होती.

"आवं काय करताय! वर करा, आदी वर करा!" मायाप्पा खालून ओरडले. त्यांनी पायातल्या चपला रस्त्यातच टाकल्या, दोन ढांगांत वर आले, माझ्या खांद्यावरून हात घालून फळी उलटवली आणि चित्राला हात लावून तो कपाळी नेला.

"मायाप्पा, ही चालते."

"चालती की."

"मग त्या दिवशी खाली का घेतली नाही?"

"त्या दिवशीच काय, कदीच घेतली न्हाई. गाडी आली त्या दसऱ्याला देव बसीवला. आता त्येला उलटा टांगू व्हय? डोकं खाली, पाय वर, आन् तोंड सडकंकडं?"

"दुसरीकडे लावायचा होता."

"लावताना सुचलं न्हाई. लावल्यावर काढायचा कसा?" ते माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "बसल्याल्या देवाला उठीवत्यात व्हय, साहेब? तुमच्यात उठीवत्यात?"

आमच्यातही उठवत नाहीत. मग शेजारच्या चार बसगाड्या चढून पाहिल्या. एकीवर खंडोबा होता, एकीवर जोतिबा, उरलेल्या दोहोंवर लक्ष्मी. सगळे त्याच फळीवर, सगळे सुलटे. दर दसऱ्याला वाहनविभागाचे प्रमुख या पाचही गाड्यांपुढे नारळ फोडीत आणि आत चढून देवाला हात जोडीत. मी परत आलो तेव्हा माझ्या मनात बचाव उभा राहिला होता.

"ऊन आलं की काय करता?" मी विचारले.

"डोळं बारीक करायचं. न्हाईतर डावा हात कपाळाला आडवा धरायचा. सा वर्सं तसंच चाललं."

"आणि त्या दिवशी?"

"वळणावर गिअर टाकत हुतो. एक हात स्टेअरिंगवर, एक गिअरवर. तिसरा हात देवानं दिल्याला न्हाई."

"हे सर्व सोमवारी सांगायचे," मी म्हणालो. "सगळ्या गाड्यांवर हीच रीत आहे. व्यवस्थापनाने ती डोळ्यांनी पाहिली, नारळ फोडून मान्य केली. मग एकट्या तुमच्यावर बडतर्फी कशी? हा आरोप रणदिव्यांच्या गळ्यात उलटा..."

"न्हाई."

"का नाही?"

"देवाला चौकशीत वढायचा न्हाई. चूक माझी, आन् बोट त्येच्यावर? उद्या गावात म्हनतील, बिरोबानं निकमाचा पाय नेला. मग मी आरेवाडीला त्येच्या देवळात कंच्या तोंडानं जाऊ?" त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातला भंडारा माझ्या तळहातावर टाकला आणि माझी बोटे स्वतःच्या मुठीत मिटवली. "तुमी देवाचं नाव काढनार न्हाई. म्हना."

मी म्हटले. म्हणायला नको होते. परंतु त्या मुठीचा जोर असा होता, की दुसरे काही सुचले नाही.

रविवार उजाडला तो अस्वस्थच. माझ्याजवळचा एकमेव खरा बचाव मी स्वतःच्या हातांनी गाडून आलो होतो. सकाळपासून मी खोलीत येरझारा घालीत होतो. बसलो की उठावेसे वाटे, उठलो की पुन्हा नियमावली उघडावीशी वाटे. चक्रमुद्रित केलेली ती बावीस पानांची पुस्तिका मी तोवर चार वेळा वाचली होती. पाचव्या वेळी मला जे दिसले, त्याने मी अक्षरशः खुर्चीवरून उठलो. आरोपपत्रात ज्या नियम चौदाचा हवाला होता, तो 'वाहन' या प्रकरणात नव्हताच. तो 'गणवेश' या प्रकरणात होता. नियम तेरा: चालकाने कामावर असताना टोपी घालावी. नियम चौदा: चालकाने व्हायझरचा यथोचित वापर करावा. नियम पंधरा: बूट स्वच्छ असावेत. टोपी आणि बूट यांच्यामध्ये बसलेला व्हायझर म्हणजे टोपीची कपाळपट्टीच, दुसरे काय? आणि मायाप्पांच्या डोक्यावर त्या दिवशी टोपी होती. पंचनाम्यात तिची नोंद होती.

दुपारी दोनपर्यंत माझा युक्तिवाद पूर्ण झाला. तो चांगला झाला होता. तरीही माझे पाय थांबेनात. चार वाजता मी पंचांग काढले, नऊ जानेवारीला पावणेसहा वाजता सूर्य क्षितिजापासून जेवढा वर असेल तेवढा पंधरा फेब्रुवारीला किती वाजता येईल, याचे गणित केले, आणि सायकल काढून बाभळीच्या वळणावर गेलो.

सहा वाजून गेले होते. मी रस्त्याच्या डाव्या कडेला उभा राहिलो आणि पश्चिमेकडे पाहिले. समोर काहीही नव्हते. पेटलेल्या पांढऱ्या पडद्यापलीकडे ना रस्ता, ना झाड. मग मी तळहात कपाळाशी आडवा धरला. पडदा सरकला. सव्वाशे पावलांवरून एक बाई वैरणीचा भारा घेऊन येत होती. तिच्या लुगड्याचा काठ, भाऱ्यातून लोंबणारे कडब्याचे ताट, तिची चाल, सगळे स्वच्छ दिसले. मी हात खाली घेतला. ती नाहीशी झाली. पुन्हा वर धरला, आली. असे मी तीनदा केले. शेवटी ती जवळ येऊन म्हणाली, "काय झालं वो? डोळ्यात काय गेलं का?"

"काही नाही," मी म्हणालो.

घरी परतलो आणि युक्तिवादाचा तिसरा परिच्छेद अधिक नेटका केला.

सोमवारी तो युक्तिवाद मी पावणेदोन तास केला. आज त्याला कितीतरी वर्षे लोटली, तरी त्याची वाक्ये मला पाठ आहेत, आणि ती पाठ आहेत याचा मला अभिमान नाही. मी म्हणालो, की आरोपपत्रातला शब्द परका आहे, आणि परका पाहुणा घरी आला तर तो कोणाकडे आला आहे हे विचारल्यावाचून त्याला माजघरात नेऊ नये. युरोपातील चिलखती योद्ध्याच्या शिरस्त्राणाला तोंडावर पाडण्याची जी लोखंडी झडप असे, तिला हा शब्द होता. पूर्वी साध्या मुखवट्यालाही तो लावीत. पुढे तो टोपीच्या कपाळपट्टीला लागला, वेल्डरच्या काळ्या काचेला लागला, स्कूटरवाल्याच्या हेल्मेटच्या काचेला लागला, चौकातल्या सिग्नलच्या दिव्यांवर ऊन पडू नये म्हणून जे टोपण असते त्यालाही लागला. मी एकेक वस्तू उचलून दाखवीत होतो. वेल्डरचा मुखवटा मी स्वतःच्या तोंडावर धरला तेव्हा दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला.

"अहो पण बसमधला व्हायझर म्हणजे डोक्यावरची फळी!" रणदिवे टेबलावर थाप मारून म्हणाले. "शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"शेंबड्या पोराची साक्ष नोंदवायची असल्यास त्याला हजर करावे. तूर्त आपल्यासमोर नियमावली आहे."

"हे निव्वळ कीस काढणं आहे, वकीलसाहेब!"

"नियम चौदा टोपी आणि बूट यांच्यामध्ये मी बसवलेला नाही," मी म्हणालो. "तो साहेबांच्या विभागाने बसवला आहे. मी फक्त तिथे जाऊन त्याला भेटलो."

शिकलगार वकिलांनी पुस्तिका मागून घेतली, चष्म्याशी धरली, पान उलटले, पुन्हा मागे घेतले. "रणदिवे, ही कुणी तयार केली?"

"आमच्याच कार्यालयाने. दुसऱ्या एका गिरणीच्या पुस्तकावरून उतरवून घेतली."

"उतरवताना फळीचा नियम टोपीच्या घरात गेला?"

रणदिव्यांनी रुमाल काढला.

"हे बघा," शिकलगार सावकाश म्हणाले, "नियम मोडल्याबद्दल माणसाची भाकरी काढून घ्यायची असेल, तर तो नियम त्या माणसाला वाचून कळला पाहिजे. हा मला वाचून कळत नाही. उपाध्ये म्हणतात ते मला आवडलं नाही, पण खोडता येत नाही. या आरोपावर बडतर्फी टिकणार नाही."

मी मायाप्पांकडे वळलो. जिंकलेल्या माणसाला कोणीतरी आपल्याकडे पाहावे असे वाटते. मायाप्पा माझ्याकडे पाहत नव्हते. ते दरवाजाकडे पाहत होते, आणि तिथे, भिंतीशी टेकलेल्या बाकावर, दोन कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून हैबतराव निकम बसले होते. ते केव्हा आले, मला कळले नव्हते. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, पांढरा स्वच्छ सदरा घातलेला तो माणूस तोंड थोडे उघडे ठेवून टेबलावरच्या टोपी-मुखवट्यांकडे बघत होता.

"निकम, या, पुढे बसा," शिकलगार म्हणाले. "तुमचा जबाब मागे झालेला आहे. आणखी काही सांगायचं आहे?"

निकम उठले. शिपाई आधार द्यायला धावला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटले. कुबड्यांचा आवाज करीत ते टेबलापर्यंत आले.

"सांगायचं न्हाई, वकीलसाहेब. ह्या मामास्नी एक इचारायचं हाय," मायाप्पांकडे मान करून ते म्हणाले.

"हरकत आहे," रणदिवे म्हणाले. "साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाही."

मीही उभा राहिलो होतो. "माझीही हरकत आहे. साक्षीदाराचे काम उत्तरे देण्याचे आहे."

शिकलगारांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "तीन बैठकांत तुमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं," ते म्हणाले. "म्हणजे प्रश्न कामाचा असणार. विचारा, निकम."

निकमांनी टेबलाकडे हात केला. "ह्या टोप्या-बिप्या मला कळत न्हाईत. मी दूधवाला मानूस." मग ते मायाप्पांकडे वळले. "मामा, मला एवडंच सांगा. तुमच्या म्होरं उन्हाची फळी हाय. ती खाली असती, तर मी तुमास्नी दिसलो असतो का?"

हा प्रश्न तीन बैठकांत कोणीही विचारला नव्हता. रणदिव्यांना तो सुचला नव्हता, कारण त्यांना नियम पुरेसा वाटत होता. आणि मी तो विचारला नव्हता, कारण आदल्या संध्याकाळी त्याचे उत्तर मी रस्त्याच्या कडेला उभे राहून तीन वेळा पाहून आलो होतो.

"मायाप्पा," मी घाईने म्हणालो, "उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. पोलिसांकडे खटला चालू आहे. तुम्ही गप्प राहू शकता, तो तुमचा हक्क आहे."

मायाप्पा उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"दिसला असता," ते म्हणाले.

"सपष्ट?"

"सपष्ट. रोज त्याच वक्ताला तितनं जातो मी. ठावं हाय मला."

"मग का न्हाई घेतली खाली?"

मायाप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिले. माझे ओठ शपथेने बांधलेले होते, त्यांचे नव्हते. तरी त्यांना वेळ लागला. इतका, की रणदिव्यांनी तोंड उघडले आणि शिकलगारांनी हात वर करून ते मिटायला लावले.

"फळीवर माझा देव हाय," मायाप्पा म्हणाले. "खाली घेतली की त्यो उलटा हुतो. म्हून घेत न्हाई. त्या दिवशीच न्हाई. सा वर्सं घेतली न्हाई. देवाचा काय दोस न्हाई ह्यात, पाव्हणं. त्येला मी बसीवला."

"कंचा देव?"

"बिरोबा."

निकमांनी उजवी कुबडी काखेत नीट बसवली, तोल सांभाळला. मला वाटले, आता ते रडतील, किंवा शिवी देतील, आणि दोन्हींसाठी मी मनात तयार झालो होतो.

"आरेवाडीला मी बी जातो," ते म्हणाले. "मेंढरामागं रानोमाळ हिंडनारा देव त्यो, मामा. त्येला कसलं आलंय उलटं आन् सुलटं? त्येला इचारलं असतं, तर म्हनला असता, टांग मला उलटा, पर म्होरचं मानूस बघ."

मायाप्पांच्या हातातली टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. ते टेबलाची कड धरून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा माझ्याच्याने बघवेना.

"कबुली आहे ही!" रणदिवे खुर्ची मागे सारून म्हणाले. "नोंद घ्या, वकीलसाहेब. स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. आता नियम टोपीखाली असो नाहीतर बुटाखाली. बडतर्फीची शिफारस झालीच पाहिजे."

"कबुलीला नियमाचा आधार..." मी सुरुवात केली.

"उपाध्ये, बसा," शिकलगार म्हणाले.

मी बसलो. माझ्या फायलीत अजून चार पाने शिल्लक होती. त्यांच्यावर मी तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. समोरच्या वस्तू मला नकोशा झाल्या होत्या. वेल्डरचा मुखवटा काळी काच वर करून माझ्याकडेच वळलेला होता. मी तो हळूच पालथा घातला.

शिकलगारांनी लेखणीचे टोपण लावले. "निकम, अहवाल मला लिहायचा आहे आणि तो मी कायद्यानेच लिहीन. पण ज्याचा पाय गेला त्याचं मत त्यात नोंदवायला मला कोणी अडवू शकत नाही. या माणसाचं काय व्हावं, असं तुम्हाला वाटतं?"

"माझ्या वाटन्यावर हाय व्हय?"

"थोडंफार आहे."

निकमांनी मायाप्पांकडे पाहिले. अगदी निवांत, बाजारात म्हैस घेताना पाहावे तसे, वरपासून खालपर्यंत. पुढे आठ दिवसांनी शिकलगार वकिलांचा अहवाल आला तेव्हा तो सात पानांचा होता, आणि त्यात कलमे होती, दाखले होते, 'उपरोक्त परिस्थितीचा साकल्याने विचार करता' अशी सुरुवात असलेले एक देखणे वाक्यही होते. परंतु त्या दुपारी कुबड्यांवर उभ्या असलेल्या दूधवाल्याने जे सांगितले, त्याहून अधिक एक अक्षरही त्यात नव्हते.

"ह्यास्नी कामावरनं काढू नका, वकीलसाहेब," निकम म्हणाले. "मानूस खरं बोलला. झाडायला लावा, भांडारात बसवा, काय बी करा. पर गाडी देऊ नका. फळीचं ऱ्हाऊ द्या, देवाचं ऱ्हाऊ द्या. ऊन आलं, म्होरचं दिसंना, तर गाडी हुबी करायची असती. दिसत नसताना बी जो तशीच म्होरं नेतो, त्यो ड्रायव्हर न्हवं."